शुक्रवारचं पत्रक

दर शुक्रवारी दुपारी तीनच्या आत
मला शाळेचं पत्रक काढायचं असतं.
दोन पानं. पालक ती फ्रिजवर लावतात
किंवा लावत नाहीत.

या आठवड्यात पहिलं पान पोहण्याच्या स्पर्धांचं:
जॅरा हाउस अकरा गुणांनी पुढे,
रिलेमधला बँक्सियाचा जुना विक्रम मोडला,
सॉसेज विकून जमले तीनशे बारा डॉलर,
सावलीचं कापड वाऱ्याने फाटलंय, शिवून देणारं कुणी असेल तर
ऑफिसात कळवा.
निळी टोपी, एक चप्पल, कुणाचा तरी पोहायचा चश्मा
माझ्या टेबलाखालच्या खोक्यात आहे.

दुसरं पान: वयात येणारी मुलं आणि इंटरनेट.
बुधवारी संध्याकाळी साडेसहाला, लायब्ररीत. चहा होता.
खुर्च्या चाळीस, पालक नऊ.
पर्थहून आलेली बाई बरं बोलली.
आधी विचारा, मग पाठवा, म्हणाली.
मी लिहून घेतलं. माझं कामच ते.

दोन पानांच्या मध्ये, जिथे कागद दुमडतो,
तिथे काल आहे.

काल मी सहाव्या लेनच्या टोकाशी उभी होते,
हातात स्टॉपवॉच, नाकावर उन्हाचं पांढरं मलम.
नायरी टॉलंड, आठवीतली. पन्नास मीटर.
बाकीच्या पाचजणी टॉवेल गुंडाळून संत्री सोलत होत्या
तेव्हा ती अर्ध्यावर, दोरी धरून,
खोकत,
तळाच्या काळ्या रेघेकडे बघत.
कोरेला पाखरं गमच्या झाडांतून एकदम कलकलली.
मग तिने दोरी सोडली.

फोन दप्तरातच ठेवायचे असा नियम होता.
तोही मीच छापला होता, ठळक अक्षरांत.

रात्री आठला व्हिडिओ माझ्याकडे आला, तिघीतिघींकडून,
"बघ तरी, काय ही मुलं!"
एकोणीस सेकंद. दोरी, खोकला, दोरी.
अकराव्या सेकंदाला, अगदी जवळून, कुणीतरी हसतं,
श्वास आत ओढत, शेवटी उचकी लागल्यासारखं.
ते हसू मी
चौदा वर्षं ओळखते.

मी दार वाजवलं, हात पुढे केला.
त्याने फोन दिला. का, ते विचारलं नाही.

पाण्यावरची रेघ टिकत नाही म्हणतात.
त्या पाण्यावरची नाहीच टिकली,
चार मिनिटांत पुढची शर्यत सुटली.
ही दुसरी मी पुसली, मुख्याध्यापकांनी पुसायला लावली,
आणि आज सकाळी बसच्या रांगेत ती पुन्हा होती,
मागे कुणीतरी गाणं जोडलेलं.

पहिल्या सुट्टीत नायरी ऑफिसच्या खिडकीशी आली.
मी वाक्यं जुळवायला लागले: शाळेला खेद आहे,
चौकशी सुरू आहे,
तेवढ्यात ती म्हणाली, "माझी वेळ किती लागली?"
"पहिल्या तिघींचीच छापतात, बाळा."
"पण घड्याळ तुमच्याकडे होतं ना?"

होतं. तिने भिंतीला हात लावला
तेव्हा मी ते बंद केलं होतं, इतरांसारखंच.
चिठ्ठी सापडली, ओली होऊन वाळलेली:
दोन मिनिटं चौदा सेकंद.
तिने आकडा पेनने मनगटावर लिहिला,
फुंकर मारली,
गणिताच्या तासाला गेली.
तिला माहीत आहे का तो कोणाचा,
मला माहीत नाही. तिने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

पावणेतीन झालेत.
पहिल्या पानावर एक ओळ वाढवली, सहाव्या लेनची,
त्यासाठी चप्पल काढावी लागली.
दुसऱ्या पानावर "काही विद्यार्थ्यांनी" लिहिलं, खोडलं.
"एका विद्यार्थ्याने" लिहिलं, खोडलं.
आता "माझ्या" एवढंच आहे
आणि त्याच्यापुढे कर्सर.

घरी तो फोन काट्याचमच्यांच्या खणात ठेवलाय.
सकाळी निघाले तेव्हा
चमचे अजून थरथरत होते.